घरात परवान्याची बंदूक आहे? मग कुलूप कोणतं घ्यायचं आणि किल्ली कुणाकडे ठेवायची?

५ एप्रिल २०२२ रोजी नांदेडमध्ये एका बांधकाम व्यावसायिकाची त्यांच्या घरासमोर भरदिवसा गोळ्या झाडून हत्या झाली. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्यानंतर शेजारच्या बीड जिल्ह्यातले शस्त्र परवाने मोजले गेले, तेव्हा आकडा बाराशेच्या पुढे निघाला. पुढे प्रशासनाने त्यातले अनेक परवाने रद्दही केले.

अशा घटनांनंतर मराठवाड्यात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. परवाना कुणाला मिळतो आणि कसा मिळतो? तिसरा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही. परवाना मिळाला, शस्त्र घरी आलं, आता ते ठेवायचं कुठं?

बहुतेक घरांत याचं उत्तर ठरलेलं असतं: 'कपाटात'. पण कपाटाला कुलूप असलं म्हणजे शस्त्र सुरक्षित झालं, असं नाही. नांदेड आणि लातूरमधल्या परवानाधारकांना, निवृत्त जवानांना, बँकेच्या सुरक्षारक्षकांना आणि पिकाच्या राखणीसाठी बंदूक बाळगणाऱ्या शेतकऱ्यांना उपयोगी पडेल, अशी ही माहिती.

कायदा काय सांगतो?

भारतात खासगी शस्त्रांचा व्यवहार शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार चालतो. नांदेड आणि लातूरमध्ये पोलीस आयुक्तालय नाही. त्यामुळे इथं परवाना देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजेच जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे आहे.

२०१६ च्या नियमांनी अर्जदारासाठी सुरक्षा प्रशिक्षणाची तरतूद केली. शस्त्र चालवणं एवढाच त्या प्रशिक्षणाचा विषय नाही. शस्त्र आणि काडतुसं सुरक्षित कशी ठेवायची, त्यांची ने-आण कशी करायची, हेही त्यात येतं. शस्त्र सुरक्षितपणे वापरू आणि ठेवू, असं हमीपत्रही अर्जदाराकडून घेतलं जातं.

२०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं केली. लग्नात, मिरवणुकीत हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षाही त्याच दुरुस्तीने आली.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. परवाना व्यक्तीच्या नावावर असतो, घराच्या नव्हे. वडिलांच्या परवान्याची रिव्हॉल्वर मुलाने कमरेला लावली, तर ती मुलासाठी विनापरवाना शस्त्रच ठरते. म्हणून कुलपाचा विचार करताना पहिला नियम हा: ज्याचा परवाना, त्याचीच किल्ली.

'सुरक्षित ठेवा' असं कायदा सांगतो. पण दुकानात जाऊन नेमकं काय विकत घ्यायचं, हे शेवटी मालकालाच ठरवावं लागतं.

कुलूप नेमकं कुणासाठी?

'चोरासाठी', असं उत्तर लगेच येईल. ते चूक नाही, पण अर्धंच आहे. चोर घरात कधीतरी येईल किंवा येणारही नाही. घरातली माणसं मात्र रोज तिथंच असतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत आलेली भाचरं, शाळेतून लवकर घरी आलेला मुलगा, रागाच्या भरात असलेला भाऊ, दारू पिऊन आलेला पाहुणा, किंवा मनातून पूर्ण खचलेला घरातलाच कुणी. कुलपाने सगळ्यात आधी थांबवायचं असतं ते या हातांना.

एप्रिल २०२५ मध्ये लातूर महापालिकेच्या तत्कालीन आयुक्तांनी राहत्या घरी स्वतःवर गोळी झाडून घेतली. ते बचावले, पण या घटनेने सगळ्यांनाच धक्का बसला. अशा प्रत्येक घटनेमागची कारणं वेगळी आणि गुंतागुंतीची असतात. एका कुलपाने ती सुटत नाहीत. पण टोकाचा विचार अनेकदा थोड्या वेळासाठी तीव्र असतो, आणि तेवढा वेळ शस्त्र हाताला लागलं नाही तर जीव वाचण्याची शक्यता वाढते, हे या क्षेत्रातले अभ्यासक सातत्याने सांगत आले आहेत.

२००५ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या घरांत बंदूक आहे आणि मुलंही आहेत, अशा घरांचा तो होता. त्यात चार सवयी तपासल्या होत्या: बंदूक कुलपात ठेवणं, ती रिकामी ठेवणं, काडतुसं कुलपात ठेवणं आणि काडतुसं बंदुकीपासून वेगळी ठेवणं. या चारही सवयींचा संबंध मुलांच्या आत्महत्या आणि अपघाती गोळीबाराचा धोका कमी असण्याशी आढळला.

त्यामुळे कुलूप निवडताना 'हे कुणालाच तोडता येणार नाही ना?' हा पहिला प्रश्न नको. 'कुणाला थांबवायचं आहे आणि किती वेळ?' हा हवा.

कुलपांचे प्रकार कोणते?

ट्रिगर लॉक: चापाभोवतीच्या कड्यावर दोन्ही बाजूंनी बसणारं हे छोटं कुलूप असतं. ते लावलं की बोट चापापर्यंत पोहोचत नाही. स्वस्त आणि सोपं. पण याचा एक धोका आहे. शस्त्र भरलेलं असताना ट्रिगर लॉक कधीही बसवू नये. बसवताना किंवा काढताना चाप दाबला जाऊ शकतो. काही जुन्या शस्त्रांवर ते घट्ट बसतही नाही. लावल्यावर हलत असेल, तर ते त्या शस्त्रासाठी नाही.

केबल लॉक: प्लास्टिकचं आवरण असलेली पोलादी तार आणि तिला जोडलेलं कुलूप. ही तार शस्त्राच्या आतून जाते. पिस्तुलात मॅगझिन काढून, स्लाइड मागे घेऊन ती मॅगझिनच्या जागेतून ओवतात. रिव्हॉल्वरचं सिलिंडर बाहेर काढून तार त्या मोकळ्या जागेतून घालतात. दुनळी बंदूक मोडून, म्हणजे नळ्या खाली करून, तार नळीतून ओवतात. या कुलपाचा मोठा फायदा असा की शस्त्र रिकामं केल्याशिवाय ते लागतच नाही. तोटा एवढाच की तार कापणं फार अवघड नसतं, आणि कुलपासकट शस्त्र उचलून नेता येतं.

कुलपाची पेटी: रिव्हॉल्वर किंवा पिस्तुलासाठी लहान पोलादी पेटी मिळते. ती भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने पक्की करता आली पाहिजे. सुटी पेटी म्हणजे चोरासाठी हँडल असलेली पिशवीच.

शस्त्रांचं कपाट किंवा तिजोरी: लांब बंदुकीसाठी हा सगळ्यात चांगला पर्याय. मात्र साधं पोलादी कपाट आणि तिजोरी यांत फरक आहे. तिजोऱ्यांसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस ५५० हे मानक आहे. घरोघरी 'गोदरेजचं कपाट' म्हणून ओळखलं जाणारं पत्र्याचं कपाट, मग ते कोणत्याही कंपनीचं असो, त्या अर्थाने तिजोरी नसतं.

त्या कपाटाची दुसरी अडचण जास्त महत्त्वाची आहे. त्यातच साड्या असतात, शेताची कागदपत्रं असतात, आहेराची पाकिटं असतात. ते दिवसातून दहा वेळा उघडतं आणि त्याची किल्ली घरात सगळ्यांना माहीत असते. ज्या कुलपाची किल्ली सगळ्यांकडे आहे, ते शस्त्रासाठी कुलूपच नव्हे. पर्याय नसेल, तर निदान आतल्या खणाला वेगळं कुलूप हवं आणि शस्त्रावर केबल लॉकही हवं.

शस्त्रानुसार निवड कशी बदलते?

दुनळी किंवा एकनळी बारा बोअर: सुरक्षारक्षक आणि शेतकरी यांच्याकडे हीच जास्त दिसते. या बंदुकीचे नळी, पुढचा लाकडी भाग आणि दस्ता असे भाग सुटे करता येतात. नळी एका कुलपात आणि दस्ता दुसऱ्या कुलपात ठेवला, तर एक कुलूप फुटलं तरी पूर्ण बंदूक हाती लागत नाही.

.३१५ बोअरची रायफल: हिचा बोल्ट काढून वेगळ्या कुलपात ठेवता येतो. बोल्टशिवाय रायफल चालत नाही.

.३२ बोअरचं रिव्हॉल्वर किंवा पिस्तूल: लहान असल्यामुळे हे उचलायला आणि लपवायला सगळ्यात सोपं, आणि उशीखाली किंवा गाडीच्या कप्प्यात ठेवण्याचा मोह याच्याच बाबतीत जास्त. म्हणून पक्की केलेली पेटी आणि आत केबल लॉक, असे दोन्ही असावेत.

कॅनडाच्या नियमांतही असाच फरक केलेला आहे. तिथं साध्या लांब बंदुकीसाठी ती रिकामी करून कुलूप लावणं किंवा कुलपाच्या पेटीत ठेवणं पुरतं. हँडगनसारख्या निर्बंधित शस्त्रासाठी मात्र कुलूपही लागतं आणि बंद पेटीही.

किल्ली, आकडे की बोटाचा ठसा?

किल्लीचं कुलूप: नांदेडचं वजिराबाद असो की लातूरची गंजगोलाई, हार्डवेअरच्या दुकानात 'पाच लिव्हर', 'सात लिव्हर' असे शब्द ऐकू येतात. कुलपाच्या आत लिव्हर नावाच्या पातळ पट्ट्या असतात. योग्य किल्ली त्या सगळ्यांना एकाच वेळी नेमक्या उंचीवर उचलते, तेव्हा कुलूप उघडतं. पट्ट्या जास्त, तर दुसऱ्या किल्लीने ते उघडण्याची शक्यता कमी. कुलपाची कडी जाड आणि कठीण पोलादाची हवी. ती बाहेर जितकी कमी दिसेल तितकं चांगलं, कारण पहार घालायला जागा मिळत नाही.

पण नुसतं कुलूप पाहून चालत नाही. महागडं कुलूप चार लहान स्क्रूंवर बसवलेल्या कोयंड्यात अडकवलं, तर चोर कुलपाला हातही लावणार नाही. तो कोयंडाच उपटेल. कुलूप, कडी-कोयंडा, बिजागरी आणि भिंत, यांतलं सगळ्यात कच्चं जे असेल, तेवढीच त्या जागेची ताकद.

आकड्यांचं कुलूप: किल्ली हरवण्याची भीती नाही, पण गणित करून पाहावं. तीन आकड्यांच्या कुलपात एकूण १,००० जोड्या होतात. एका जोडीला तीन सेकंद धरले, तरी सगळ्या जोड्या ५० मिनिटांत संपतात. सुट्टीतल्या कंटाळलेल्या मुलासाठी हा एका दुपारचा खेळ आहे. चार आकड्यांना त्याच वेगाने आठ तासांहून अधिक लागतात. म्हणून चारपेक्षा कमी आकडे नकोत. जन्मतारीख, लग्नाचा वाढदिवस, गाडीचा नंबर हे तर नकोतच.

इलेक्ट्रॉनिक कुलूप: लवकर उघडतं. अनेक मॉडेलमध्ये चुकीचा आकडा वारंवार टाकला तर ते काही वेळ बंदही पडतं. घ्यायच्या आधी हे दुकानदाराकडून करून दाखवून घ्यावं. ते बॅटरीवर चालतं. पत्र्याच्या घरात, मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बॅटरी लवकर उतरू शकते, तेव्हा ती ठरावीक काळाने बदलावी. अडचणीसाठी दिलेली किल्ली पेटीवरच चिकटवून ठेवू नये, आणि कारखान्यातून आलेला आकडा पहिल्याच दिवशी बदलावा.

बोटाच्या ठशाचं कुलूप: यात सोय सगळ्यात जास्त, पण डोळे झाकून भरवसा ठेवण्यासारखं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने फोर्ट्रेस या कंपनीच्या सुमारे ६१,००० बायोमेट्रिक तिजोऱ्या परत मागवल्या जात असल्याचं जाहीर केलं. ठसा नोंदवलेला नसेपर्यंत त्या कुणाच्याही बोटाने उघडत होत्या, आणि आपण ठसा नोंदवला आहे असा मालकाचा समज होत होता. अशाच एका तिजोरीतून शस्त्र मिळाल्यानंतर १२ वर्षांच्या एका मुलाचा मृत्यू झाल्याचा दावा न्यायालयात करण्यात आला होता.

यातून घ्यायचा धडा सोपा आहे. असं कुलूप घेतलं तर आधी स्वतःचा ठसा नोंदवावा. मग शस्त्र आत न ठेवता, घरातल्या प्रत्येकाचं बोट लावून ते उघडत नाही ना, हे तपासावं. बॅटरी बदलल्यावर पुन्हा तपासावं.

घराची भिंत कशी आहे?

लातूर आणि नांदेडच्या गावांत आजही दगड-मातीच्या भिंती आणि माळवदाची घरं आहेत. अशा भिंतीला किती धरून ठेवण्याची ताकद असते, हे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने दाखवून दिलं. मातीत बसवलेले दगड निखळतात, तसा त्यांच्यात ठोकलेला बोल्टही निघतो. म्हणून जुन्या घरात पेटी किंवा कपाट भिंतीऐवजी काँक्रीटच्या जमिनीला पक्कं करावं. स्लॅबच्या घरात, काँक्रीटच्या खांबाला लागून असलेला कोपरा चांगला. बोल्ट आतून कसले जातील, बाहेरून दिसणार नाहीत, असे असावेत.

पावसाळ्यात दमटपणाचाही विचार हवा. चामड्याच्या किंवा कापडी म्यानात बंदूक महिनोन् महिने ठेवली, तर त्यात ओल धरते आणि नळीला गंज चढतो. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या बदलाव्यात. कुलपातही धूळ आणि ओल साचून ते अडकतं. खोबरेल तेल घातलं की तात्पुरतं चालतं, पण त्यावर धूळ बसून ते आणखी जाम होतं. त्यापेक्षा ग्रॅफाइटची भुकटी बरी.

किल्ली कुठं ठेवायची?

इथंच सगळ्यात मोठी गफलत होते. देवघरात, तांदळाच्या डब्यात, कपाटाच्या डोक्यावर, फोटोच्या मागे. घरातली प्रत्येक 'गुप्त' जागा मोठ्यांपेक्षा आधी लहान मुलांना माहीत असते. लपवलेली किल्ली म्हणजे सुरक्षित किल्ली नव्हे.

किल्ली परवानाधारकाच्या अंगावर असावी, आणि घराच्या जुडग्यात नसावी. कुलपासोबत आलेल्या दुसऱ्या किल्ल्या घरातच दुसऱ्या खणात ठेवू नयेत. बँकेच्या लॉकरमध्ये किल्ली ठेवता येते. शस्त्र किंवा काडतुसं मात्र तिथं ठेवता येत नाहीत. काडतुसांच्या खणाची किल्ली वेगळी असावी. दोन्ही कुलपांना एकच किल्ली असेल, तर काडतुसं वेगळी ठेवण्याला काही अर्थ उरत नाही.

'रात्री चोर आला तर कुलूप उघडत बसायचं का?'

शस्त्र स्वसंरक्षणासाठी घेतलेल्या प्रत्येकाचा हा प्रश्न असतो, आणि तो खोटा नाही. कुलूप उघडायला काही सेकंद लागतात, हे मान्यच करायला हवं. ज्याला खरोखर धमकी आहे, त्याने झोपायच्या खोलीतच पक्की केलेली आणि बटणांच्या आकड्याने लवकर उघडणारी पेटी घ्यावी. सरावाने ती अंधारातही उघडता येते.

पण उशीखालची भरलेली रिव्हॉल्वर हा त्यावरचा उपाय नाही. ती चोराच्या एका रात्रीसाठी ठेवलेली असते आणि वर्षाच्या उरलेल्या ३६४ दिवशी घरातल्या प्रत्येक हाताच्या आवाक्यात असते. सकाळी आवरायला आलेली सून किंवा नातू तिच्यापर्यंत चोराच्या कितीतरी आधी पोहोचतो.

कुलूप कधी उघडं राहतं?

एक म्हणजे खंडेनवमी आणि दसरा. शस्त्रपूजेसाठी बंदूक बाहेर येते, हळद-कुंकू लागतं, फोटो निघतात, आणि पाहुण्यांच्या गर्दीत ती तासन् तास पाटावर राहते. पूजेआधी शस्त्र रिकामं आहे हे परवानाधारकाने स्वतः पाहावं, काडतुसं पूजेत मांडूच नयेत, आणि आरती झाली की शस्त्र लगेच कुलपात जावं.

दुसरी वेळ निवडणुकीची. आचारसंहितेच्या काळात प्रशासनाने सांगितल्यावर शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. निकालानंतर ते परत आणताना थकव्यात किंवा घाईत 'आज राहू दे, उद्या कपाटात ठेवू' असं होतं. जमा केल्याची पावती जपावी, आणि परत घेतल्यावर पहिला थांबा घरातलं कुलूप हाच असावा.

तिसरी वेळ लांबच्या प्रवासाची. घर महिनाभर बंद राहणार असेल, तर शस्त्र रिकाम्या घरात ठेवण्यापेक्षा, ज्या शस्त्र विक्रेत्याकडे ठेव स्वीकारण्याचा परवाना आहे, त्याच्याकडे ठेवून रीतसर पावती घ्यावी.

आणि शस्त्र हरवलं किंवा चोरीला गेलं, तर ते आधी घरात शोधत चार दिवस घालवू नयेत. जवळच्या पोलीस ठाण्याला तातडीने कळवणं ही परवान्याचीच अट आहे. परवान्याच्या अटींचा भंग केल्यास कलम ३० नुसार शिक्षा होऊ शकते. म्हणून शस्त्राचा क्रमांक आणि परवान्याची प्रत शस्त्रापासून वेगळ्या जागी लिहून ठेवावी.

थोडक्यात, आजच तपासायच्या सहा गोष्टी

१. शस्त्र रिकामं आहे का? नळी आणि सिलिंडर डोळ्यांनी पाहिलं का?
२. काडतुसं वेगळ्या कुलपात, वेगळ्या किल्लीत आहेत का?
३. पेटी किंवा कपाट काँक्रीटला पक्कं आहे का, की दोन माणसं ते उचलून नेऊ शकतात?
४. कडी-कोयंडा आणि बिजागरी कुलपाइतकीच मजबूत आहेत का?
५. कुलपाचा आकडा किंवा किल्लीची जागा घरात आणखी कुणाला माहीत आहे का?
६. घरात सध्या कुणी तणावात आहे का?

सहाव्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल, तर चांगलं कुलूपही पुरेसं नाही. अशा वेळी शस्त्र काही काळ घराबाहेर, रीतसर जमा करून ठेवणं हाच शहाणपणा. त्यात कमीपणा काही नाही. मानसिक आधारासाठी केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते आणि तिथं मराठीतही बोलता येतं.

घरात शस्त्र ठेवायचं की नाही, हा निर्णय ज्याचा त्याचा आणि परवाना देणाऱ्या यंत्रणेचा. पण ते घरात आलं की त्याच छपराखाली राहणाऱ्या प्रत्येकाच्या जिवाची जबाबदारी परवानाधारकावर येते. बंदुकीसाठी लाख रुपये खर्च करणाऱ्याने कुलपासाठी काही हजार वाचवू नयेत, आणि किल्ली दुसऱ्याच्या हाती देऊ नये.